आधी मूल बघायला शीक

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा खंडेराव मार्केटात तुझी आई भेटली. म्हणाली, "हिला लहान मुलांमध्येच काम करायचंय म्हणे, पण त्यासाठी कॉलेजात जाऊन नेमकं शिकायचं काय, ते आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही." हातात भाजीची पिशवी घेऊन उभ्याउभ्या मी काहीबाही सांगितलं. घरी आल्यावर वाटलं, हे असं सांगून भागणार नाही. म्हणून लिहायला बसले.

मागे तू मला म्हणाली होतीस, "काकू, मला मुलं खूप आवडतात." ते खरंच आहे, वाड्यातली सगळी पोरं तुझ्या मागे मागे असतात. पण या कामात आवडण्याच्या आधी बघणं येतं. माझ्या बालवाडीतली एक गोष्ट सांगते. साडेतीन वर्षांचा एक मुलगा खिडकीपाशी बसायचा. रडायचा नाही, भांडायचा नाही, इतर मुलं उठली की उठायचा, बसली की बसायचा. नोंदवहीतल्या त्याच्या पानावर मी 'शांत, समजूतदार' असं लिहिलं. आठ महिने तो माझ्यासमोर होता आणि मला तो फार आवडायचा. मग कॉलेजची एक मुलगी प्रात्यक्षिकासाठी आली. तिनं तीन दिवस कोपऱ्यात बसून फक्त नोंदी केल्या. तिसऱ्या दिवशी तिची वही वाचली. त्यात होतं: 'मागून चार वेळा हाक मारली, वळला नाही. समोरून मारली, लगेच आला.' त्या मुलाला ऐकूच कमी येत होतं. तो इतरांकडे बघून सगळं करायचा. भाषा शिकण्याच्या वयातले आठ महिने माझ्या नजरेतून निसटले, ही खंत मला आजही आहे. ती मुलगी जे शिकून आली होती, ते शिकायला कॉलेज लागतं.

आणि हे शिकायला तुला गाव सोडावं लागत नाही. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1950 पासून होमसायन्सची फॅकल्टी आहे. विद्यापीठ 1949 चं, पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. आता फॅकल्टीचं नाव फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस असं झालंय, आणि तुझ्या कामाचा विभाग म्हणजे ह्यूमन डेव्हलपमेंट अँड फॅमिली स्टडीज. जुने लोक अजून चाइल्ड डेव्हलपमेंटच म्हणतात. विभागाची स्वतःची चेतन बालवाडी आहे. वर्गात शिकलेलं तिथे प्रत्यक्ष मुलांमध्ये पडताळून बघता येतं. दुसऱ्या कुठल्या गावी प्रवेश घ्यायची वेळ आली, तर पहिला प्रश्न हाच विचार: तुमची प्रयोगशाळा-बालवाडी आहे का, आणि विद्यार्थिनी तिथे आठवड्याला किती तास असतात? उत्तर गुळमुळीत आलं, तर ती पदवी नुसती कागदावरची आहे असं समज.

या विभागाबद्दल तुला एक गोष्ट माहीत असायलाच हवी. बाळ कितव्या महिन्यात मान धरतं, कधी हात पुढे करून वस्तू घेतं, कधी लपवलेलं खेळणं शोधतं, याचे आकडे आपल्याकडे पूर्वी परदेशी पुस्तकांतून यायचे. प्रमिला फाटक यांनी नॅन्सी बेली यांच्या अमेरिकन मापनपट्टीचा आधार घेऊन इथल्या, बडोद्याच्या बाळांचा अभ्यास केला आणि भारतीय बाळांसाठी कसोटी उभी केली. तिला डासी म्हणतात. त्यात हालचालींच्या विकासाच्या 67 आणि मानसिक विकासाच्या 163 बाबी आहेत, वय जन्मापासून अडीच वर्षांपर्यंत. त्यातूनच 54 बाबींची छोटी चाचणी निघाली, बडोदा डेव्हलपमेंट स्क्रीनिंग टेस्ट. केरळात वापरली जाणारी त्रिवेंद्रमची 17 बाबींची तक्तावजा चाचणीही याच बडोद्याच्या प्रमाणांवर बेतलेली आहे. म्हणजे आपल्या गल्ल्यांतल्या आयांनी मांडीवर बाळ घेऊन जो वेळ दिला, तो आज देशभरच्या बाळांच्या उपयोगी पडतोय. मला याचा फार अभिमान वाटतो, आणि तुलाही वाटावा.

आता वाट निवडण्याबद्दल. तुला कुणाशेजारी बसायचंय, ते आधी मनाशी ठरव.

नीट वाढणाऱ्या मुलांना वाढू द्यायचं, त्यांना खेळातून शिकवायचं, असं मनात असेल, तर ह्यूमन डेव्हलपमेंटची पदवी घे. बारावी कुठल्या शाखेतून केलीस यावर तिथे फारसं अडत नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, आणि गुजरातेत 2023 पासून पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, त्याआधी बालवाटिका, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग. त्यामुळे या वयाचं शास्त्र शिकलेल्या माणसांची गरज शाळांना आता कळू लागली आहे. इथे एक सावधगिरी. 'आधी काहीतरी पदवी, मग बी.एड.' असा सल्ला तुला सगळे देतील. बी.एड.चा सगळा रोख मोठ्या मुलांना विषय शिकवण्यावर असतो. सर्वोच्च न्यायालयानंही ऑगस्ट 2023 मध्ये स्पष्ट केलं की प्राथमिक वर्गांच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता नाही. शिक्षिकाच व्हायचं असेल तर बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम बघ, म्हणजे पदवी आणि शिक्षक-प्रशिक्षण एकत्र, त्यात पायाभूत टप्पा निवडता येतो. किंवा पूर्वप्राथमिकची दोन वर्षांची पदविका आहे.

ज्या मुलाची वाढ कुठेतरी अडली आहे, त्याच्याशेजारी बसायचं असेल, तर मात्र आजच विचार कर, कारण दारं लवकर बंद होतात. वाचा आणि श्रवण, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिले जाणारे उपचार), या अभ्यासक्रमांना बारावी सायन्स लागतं, आणि ते चार-पाच वर्षांचे असतात. तू कॉमर्सला आहेस, त्यामुळे ती वाट तुला नाही. विशेष शिक्षणाची, म्हणजे अशा मुलांना शिकवण्याची वाट आहे. पण कॉलेज निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, ते बघितल्याशिवाय फी भरू नकोस. 1992 च्या कायद्याप्रमाणे परिषदेच्या नोंदवहीत नाव नसलेल्याला हे काम करता येत नाही. सहा महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सवर 'थेरपिस्ट' अशी पाटी लावणारे निघाले आहेत, आणि धास्तावलेले आईवडील त्यांच्याकडे पैसे ओततात. माझ्या ओळखीतल्या मुलीनं ते करू नये. सरकारी बालस्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याजिल्ह्यात लवकर निदान आणि उपचाराची केंद्रं आहेत. रीतसर शिकलेल्या विशेष शिक्षिकेला तिथे जागा असते.

तिसरी वाट अंगणवाडीच्या व्यवस्थेची. 2 ऑक्टोबर 1975 ला 33 प्रकल्पांवर सुरू झालेली ही योजना आता देशभर आहे. कार्यकर बेन (सेविका) आणि तेडागर बेन (मदतनीस) सगळा भार उचलतात आणि त्यांना पगार नव्हे, मानधन मिळतं. पदवीनंतर अंगणवाड्यांवर देखरेख करणारी मुख्य सेविका किंवा बालविकास अधिकारी होता येतं, त्यासाठी स्पर्धापरीक्षा आहेत. इथे पोषण, समाजकार्य, कागदपत्रं सगळं लागतं. पाळणाघराचं म्हणशील, तर 2017 पासून 50 किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना ते कायद्यानं बंधनकारक आहे. चांगलं चालवणारी माणसं मिळत नाहीत, एवढंच सांगते.

पैशाचंही सरळ सांगते, कारण तुझे बाबा तेच विचारतील. खासगी नर्सरीत सुरुवातीचा पगार इतका कमी असतो की ऐकून वाईट वाटेल. पदव्युत्तर शिक्षण किंवा परिषदेची नोंदणी असेल तर चित्र बदलतं. एम.एस्सी. करून नेट ही प्राध्यापकपदासाठीची परीक्षा पास झालीस, तर कॉलेजात शिकवता येतं. घरच्यांना तीन नाही, पाच वर्षांचा हिशोब सांग.

आणि एक. तुझं मराठी घरचं, गुजराती गल्लीतलं, हिंदी टीव्हीवरचं, इंग्रजी शाळेतलं. तुला वाटतं यात विशेष काय. नर्सरीत नव्यानं आलेलं मराठी घरचं पोर 'बेन, मला शू लागली' म्हणतं आणि बेनला कळायला जरा वेळ लागतो, तेवढ्यात चड्डी ओली होते. मग दुसऱ्या दिवशी ते शाळेत यायला नको म्हणतं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या मुंबईच्या ताराबाई मोडक भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करायला गेल्या, गुजरातीत रमल्या, आणि पुढे बोर्डी-कोसबाडला अनुताई वाघांसोबत आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन बालवाडी भरवली. मूल ज्या भाषेत रडतं त्या भाषेत त्याच्याशी बोलायचं, हे काम तू आजपासून करू शकतेस.

फॉर्म भरायच्या आधी पंधरा दिवस माझ्याकडे ये. सोमवारी सकाळी साडेआठला. ओढणी नको, पोरं ओढतात. एक वही आण आणि पहिले तीन दिवस कुणालाही उचलून घेऊ नकोस, कोपऱ्यात जमिनीवर बस. एकच मूल निवड, दर पाच मिनिटांनी ते काय करतंय ते लिही. 'हट्टी', 'गोड', 'लाजरा' हे शब्द वहीत नकोत. त्यानं काय केलं, तेवढंच. गुरुवारी आपण दोघी ती वही वाचू आणि मग फॉर्मचं बघू.

तुझी,
काकू