टेबल, रिव्हर्ट आणि माळ्यावर पडलेला पॅटर्न

भावा, तू लिहिलंयस की जर्मन गिऱ्हाइकाला ड्रॉइंगच्या सुधारित आवृत्तीबद्दल 'प्लीज रिव्हर्ट ऑन रेव्हिजन सी' असा मेल केलास आणि त्यानं उलट विचारलं, 'म्हणजे जुन्या ड्रॉइंगवर जायचं का?' आता इंग्रजी वाक्प्रचारांचं कुठलं पुस्तक पाठ करू, हा तुझा प्रश्न. वाचून पोटात कालवलं, कारण याच खड्ड्यात मी पडलोय. रिव्हर्ट म्हणजे 'उत्तर द्या' हे आपल्याकडच्या ऑफिसांतलं इंग्रजी. बाहेर त्याचा अर्थ पूर्वीच्या स्थितीला जाणं. 'रिप्लाय' लिहीत जा.

माझी गोष्ट जास्त महागात गेली. शिरोलीत आमची छोटी फाउंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना आहे. अमेरिकेतल्या एका कंपनीचा माणूस शेड बघून गेला होता, पंप हाउसिंगचं, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचाचं, कोटेशन दिलं होतं. मग मेल आला: 'वुई हॅव टेबल्ड युवर प्रपोजल. वुई विल रीव्हिजिट इट नेक्स्ट इयर.' विधानसभेच्या बातम्यांत 'पटलावर ठेवलं' ऐकतच आपण मोठे झालो. पटलावर ठेवलं म्हणजे चर्चेला आलं. आणि रीव्हिजिट म्हणजे त्यांचा माणूस परत भेटीला येणार, असं मी धरून चाललो.

तरी खात्री करावी म्हणून निर्यातीबद्दल सल्ला देणाऱ्या एका कार्यालयात फी भरून गेलो. तिथल्या साहेबांनी मोबाईल हातात घेतला, पहिली ओळ वाचली आणि परत दिला. 'काम झालं की तुमचं. पेढे आणा.' पुढची ओळ वाचायला पाच सेकंद लागली असती. त्या पाच सेकंदांचा राग अजून गेला नाही. मी पॅटर्नमेकरला ॲडव्हान्स दिला. सागवानी पॅटर्न (वाळूत साचा उठवायचा लाकडी नमुना) आणि कोअर बॉक्स (आतल्या पोकळीसाठीचा साचा) मिळून ८५ हजार. तीन महिन्यांनी फोन केला तेव्हा कळलं की अमेरिकेत प्रस्ताव 'टेबल' केला म्हणजे बाजूला ठेवला. ब्रिटिशांकडं अगदी उलट, चर्चेला घेतला; आपला अर्थ त्यांच्याकडून आलेला. रीव्हिजिट म्हणजे विषय पुन्हा काढू, एवढंच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारी याच 'टेबल'वरून बराच वेळ भांडले, दोघांना हवं होतं ते एकच असताना. हे चर्चिल यांनी लिहून ठेवलंय. मला ते पॅटर्न झाल्यावर कळलं.

म्हणून सांगतो, याद्या पाठ करू नको. मी इंग्रजीचा मास्तर नाही, कुणाला वेगळा अनुभव असेल तर असू दे. पण ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात एकट्या 'रन' क्रियापदाचे ६४५ अर्थ आहेत, किती पाठ करणार? आपलं 'लागणं' बघ. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, गाडी लागते, भाजी गोड लागते. कुणी शिकवलं? शेजारच्या शब्दानं. 'ड्राफ्ट' म्हटलं की पॅटर्नमेकरला वाळूतून पॅटर्न सुटावा म्हणून दिलेला उतार दिसतो, बँकेत डीडी, वकिलाकडं कच्चा मसुदा. तिथं आपण चुकत नाही, कारण कोण बोलतंय ते माहीत असतं. मेल वाचतानाही तेच कर: लिहिणारा कुठला, आणि पुढच्या ओळीत काय. 'सँक्शन' म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेखही आणि नजरचूकही. एकटा शब्द बघून काही कळत नाही.

क्लासवाले मुसळधार पावसासाठी इंग्रजीतला 'मांजर-कुत्र्यांचा पाऊस' शिकवतात. पंचवीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं मला तो लिहिला नाही. 'बॉलपार्क फिगर' मात्र दर महिन्याला येते. तिथं ढोबळ अंदाज हवा असतो, पक्का दर देऊन अडकू नको.

शंका आली तर सरळ विचार: 'आम्ही काम सुरू करू की थांबू?' यात कमीपणा नाही. आणि तारखेत महिना अक्षरांत लिही. ०३/०४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल, अमेरिकनाला ४ मार्च. 'बायवीकली' तर लिहूच नको, आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, हे त्यांच्यातही ठरलेलं नाही.

तुझ्या जर्मन गिऱ्हाइकाला आजच लिही: रेव्हिजन सी कायम आहे, तिच्यावर तुमचं फक्त उत्तर हवंय. त्याचं 'येस' येईपर्यंत मशीनवर जॉब चढवू नको.