हमी दोघांनाही होती, मग जर्मन रेल्वे कंपनीच का वाढली?

प्रश्न: नमस्कार, आमच्या घरामागून मुरगाव-कॅसलरॉक लाईन जाते, ती पोर्तुगीज काळात एका खासगी इंग्रज कंपनीने घातली असं आजोबा सांगायचे. जर्मनीतसुद्धा सुरवातीच्या बऱ्याच रेल्वे खासगी होत्या म्हणे, मग तिथल्या कंपन्या गब्बर झाल्या आणि आपली तोट्यात गेली, असं का?
– एक वाचक, सावर्डे

उत्तर: आजोबा बरोबर सांगायचे. आपल्या लाईनच्या त्या इंग्रज कंपनीच्या नावातच 'गॅरंटीड' शब्द होता, म्हणजे भांडवलावरच्या व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची, कमाई कमी पडली तर व्याज सरकार भरणार. आणि जर्मनीतसुद्धा हेच झालेलं बघा. १८४३ साली निघालेली कोलन-मिंडेन कंपनी घ्या, खासगी म्हणायची पण प्रशिया या तिथल्या जर्मन राज्याच्या सरकारने सातवा हिस्सा शेअर घेतले आणि साडेतीन टक्के व्याजाची हमी दिली. त्यामुळे हमी असणं-नसणं हा फरक नाहीच, खरा फरक मालाचा.

गंमत म्हणजे पुढे कोळशावर गब्बर झालेली ही कोलन-मिंडेन लाईन मुळात कोळशासाठी नव्हतीच. ऱ्हाईनवरून समुद्राकडे जाणाऱ्या मालावर डच लोक जकात घ्यायचे, ती चुकवून वेझर नदीमार्गे ब्रेमेन गाठायचं होतं. मध्ये डोंगर, तिथून नेली तर खर्च अफाट, म्हणून उत्तरेकडच्या सपाट एम्शर खोऱ्यातून वळवली, १८४७ मध्ये वेझरकाठच्या मिंडेनला पोचली. आणि त्याच सपाट जमिनीखाली खोलवर कोळसा! मग लाईनच्या कडेने खाणी उघडत गेल्या, गेल्सेनकिर्शेनला तर मल्व्हनी नावाच्या आयरिश माणसाने 'हिबर्निया' खाण काढली. ओबरहाउझेनचं बघा, तिथे आधी स्टेशन आलं, तेही ओसाड माळावर, जवळच्या एका गढीचं नाव घेऊन, आणि गाव म्हणून कारभार सुरू झाला १८६२ला.

पुढे कोळशाचं भाडं एकदम खाली आणलं, ५० किलोला साडेसात किलोमीटरमागे एक फेनिग, म्हणजे तिथलं अगदी छोटं नाणं. स्वस्त भाड्यामुळे कोळसा लांब लांब जायला लागला, मग वॅगनी वाढल्या, शेजारच्या दोन कंपन्यांशी चुरस लागली, तिघींनी रुळांचं जाळंच विणलं. एवढी कमाई बघून बिस्मार्कच्या काळात, १८७९च्या सुमारास, सरकारने कंपनी ताब्यात घेतली.

आपली लाईन १८८०च्या दशकात झाली, घाट चढवायला प्रचंड पैसा लागला, पण रोज भरून जाईल असा माल नव्हता आणि हमीचे पैसे सरकार भरत राहिलं. लोखंड-मँगनीजची खनिज निर्यात जोरात आली ती फार उशिरा, १९५०च्या आसपास.