आर (आकडेवारी आणि ग्राफसाठीची प्रोग्रामिंग भाषा) अपग्रेड केल्यावर ग्राफचे रंग चुकायला लागले, जुनं व्हर्जन परत टाकू का?

नका टाकू. आधी एसटीआर (कॉलमचा प्रकार दाखवणारी कमांड) चालवून ग्रुपचा कॉलम फॅक्टर (गटांच्या नावांची यादी सोबत ठेवणारा) आहे की कॅरेक्टर (नुसती अक्षरं) ते बघा, मग काय ते ठरवा.

इतकं ठामपणे सांगतेय कारण याच प्रकारात माझे तीन दिवस गेलेत आणि वर डेटा खराब केल्याचा ठपकाही माझ्यावरच आला. आमच्याकडे ए, बी, सी, डी असे चार ग्रुप, दर महिन्याचा एक स्कॅटर प्लॉट, स्क्रिप्ट जुनी, आर ३.६ वर नीट चालणारी. मी ४.० टाकलं, सगळे ग्राफ परत काढले, एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि एका महिन्याच्या ग्राफवर लाल ठिपके. लाल म्हणजे बी, आणि त्या महिन्यात बी चं एकही रीडिंग घेतलेलं नव्हतं! सरांनी ग्राफ बघितला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, तू एक्सेलमध्ये ओळी वरखाली केल्यास. मी बाराही महिन्यांच्या नोंदी वहीशी ताडून बघितल्या, एक आकडा चुकलेला नव्हता.

मग वाटलं पॅलेट, म्हणजे आरची रंगांची क्रमवार यादी, असेल. ४.० मध्ये डीफॉल्ट रंग बदललेत हे खरंय, पॅलेटला 'आर३' दिलं की जुने भडक रंग परत येतात, पण ते केल्यावर तेच ठिपके नुसते जास्त लाल झाले. शेवटी जुन्या लॅपटॉपवर ३.६ होतं तिथे त्याच महिन्याचा टेबल काढला तर बी खाली शून्य, आणि नव्यावर बी चा पत्ताच नाही, तीनच ग्रुप. तेव्हा ट्यूब पेटली.

४.० पासून, म्हणजे एप्रिल २०२० पासून, फाइल वाचणारी रीड-सीएसव्ही कमांड अक्षरांच्या कॉलमचा आपोआप फॅक्टर करत नाही. आधी तो फॅक्टर असायचा, त्यामुळे महिना वेगळा काढला तरी बी ची रिकामी लेव्हल (यादीतलं नाव) टिकून राहायची, स्क्रिप्टमधली फॅक्टर बनवणारी ॲज-फॅक्टरची ओळ तिला हात लावत नाही, म्हणून ए, सी, डी ला रंग १, ३, ४. आता तीच ओळ त्या महिन्यात जे ग्रुप दिसतील तेवढ्यांच्याच लेव्हल बनवते, रंग १, २, ३. सी ला बी चा लाल लागला, डी ला सी चा हिरवा, आणि लेजंड (कुठला रंग कोणाचा ते सांगणारी चौकट) मात्र चौघांचं हाताने लिहिलेलं.

उपाय एका ओळीचा. फाइल वाचल्या वाचल्या, डेटाचे तुकडे करायच्या आधी, फॅक्टर करा आणि चारही लेव्हल स्वतः लिहा. रीड-सीएसव्हीमध्ये स्ट्रिंग्स-ॲज-फॅक्टर्स हा पर्याय ट्रू केला, म्हणजे जुनी सवय परत चालू केली, तरी भागतं, पण मला ते पटत नाही, परत डीफॉल्टच्याच भरवशावर राहणं झालं.

सर अजूनही म्हणतात की चालू गाडीला हात लावू नये. मी म्हणते गाडी चालू नव्हतीच, स्क्रिप्ट कुठल्या गोष्टीवर टेकून उभी आहे ते लिहिणाऱ्यालाच माहीत नव्हतं आणि ती स्क्रिप्ट सरांची होती. आणि ग्राफ विचित्र आला की आधी कोड बघायचा, डेटा भरणाऱ्या माणसावर बोट ठेवायच्या आधी.

हां, तुम्ही जीजीप्लॉट (आरचं ग्राफ काढायचं वेगळं पॅकेज) वापरत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे रिकाम्या लेव्हल मुळातच गळतात, तेव्हा स्केल-कलर-मॅन्युअलमध्ये ग्रुपच्या नावानिशी रंग द्या. आणि सबमिशन परवावर आलं असेल तर खुशाल जुन्या व्हर्जनवर काम संपवा, विंडोजवर दोन्ही शेजारी शेजारी इन्स्टॉल राहतात.