कागदी विमान नाकावर आपटतंय? मागची कड बघा

ए-४ आकाराचा, ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) कोरा कागद घ्या. वहीचं पान लवकर मऊ पडतं. उभी मधली घडी घालून उघडा, वरचे दोन्ही कोपरे घडीला टेकवा, तयार झालेल्या तिरक्या कडा पुन्हा घडीपर्यंत आणा. कागद मिटून पंख खाली दुमडा. प्रत्येक घडीवर नख फिरवाच, फुगलेल्या घडीने विमान वाकडं जातं.

पंख किंचित वर उचललेले हवेत, समोरून पाहिल्यास इंग्रजी ‘वाय’सारखे. नाकावर आपटलं तर पंखांच्या मागच्या कडा २-३ मिलिमीटर वर वळवा. वर चढून थबकलं, तर वळण जास्त झालंय. थोडं सपाट करा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशामुळे सुधारलं ते कळतच नाही. आणि फेकू नका, चिमटीत धरून समोर अलगद सोडा.