मोठा मसूर की बारीक मसूर? दाणा बघून काय कळतं आणि काय नाही

ताई, तुम्ही लिहिलंय की दुकानातून दोन तऱ्हेचे अख्खे मसूर आणलेत. एक मोठा, चपटा, हिरवट आणि महाग. दुसरा बारीक, तपकिरी आणि स्वस्त. बारीक मसूर पाच शिट्ट्या देऊनही दाताखाली कचकचतो. मुलीचं हिमोग्लोबिन कमी आलंय म्हणून मसूर रोज करायला घेतलात, तेव्हा मोठ्या दाण्यात लोह जास्त असेल का, आणि साल काढलेल्या डाळीत काही उरतं का, हे तुम्हाला हवंय. मी नागपूरच्या एका डाळमिलमध्ये 19 वर्षं माल तपासायचं काम केलं. ट्रक आला की पोत्यात टोकदार नळी खुपसून नमुना काढायचा, टेबलावर पसरायचा आणि दाणा न् दाणा बघायचा, हेच माझं काम. त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी लोहाचं, कारण तुमची काळजी तिथे आहे. मोठ्या दाण्यात लोह जास्त असतं असं अजिबात नाही. दाण्याचा आकार, वजन, साल आणि ओल यांवरून तो कसा शिजेल, किती टिकेल, गिरणीत किती डाळ पडेल हे कळतं. लोह किती आहे हे डोळ्यांना दिसत नाही. ते ठरतं जातीवरून आणि जमिनीवरून. कानपूरच्या भारतीय डाळ संशोधन संस्थेची आयपीएल 220 ही जात मुद्दाम जास्त लोहासाठी काढलेली आहे. तिच्यात किलोमागे सुमारे 73 मिलिग्रॅम लोह भरतं. दिल्लीच्या पुसा संस्थेच्या पुसा अगेती मसूरमध्ये 65. नेहमीच्या जातींमध्ये ते 45 ते 50 च्या घरात धरतात. म्हणजे एकाच भावाच्या, एकसारख्या दिसणाऱ्या दोन पोत्यांत दीडपट फरक असू शकतो, आणि पिशवीवर जातीचं नाव कुणी छापत नाही. म्हणून महाग मोठ्या दाण्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

तुमचा हिरवट मोठा मसूर बहुधा परदेशी आहे. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात असे मोठ्या दाण्याचे हिरवे मसूर फार पिकतात. त्याचा व्यास सहा-सात मिलिमीटर असतो आणि फोडला तर आत पिवळा निघतो. आपल्याकडचा मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार, बंगालचा नेहमीचा दाणा चार-पाच मिलिमीटरचा, आत केशरी. घरी वजनकाटा असेल तर 200 दाणे मोजून ठेवा. बारीक मसुराचे चार-पाच ग्रॅम भरतील, मोठ्याचे बारापर्यंत किंवा वर जातील. फरक एवढा की बारीक दाण्याला वजनाच्या मानाने साल जास्त. साल साधारण 8 टक्के धरतात, बारीक दाण्यात त्याहून थोडी जास्त. म्हणून बारीक अख्ख्या मसुरात तंतू थोडे जास्त आणि चवीला तुरटपणाही जास्त. कराड-इस्लामपूरच्या ढाब्यांवरच्या अख्ख्या मसुराला हाच बारीक दाणा शोभतो, कारण शिजूनही तो अख्खा राहतो. हिरवा मोठा सूपला चांगला.

दाण्याच्या आकाराबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. दोन्ही बाजूंनी फुगीर, कडेला पातळ अशा काचेच्या भिंगाला इंग्रजीत लेन्स म्हणतात, तो लॅटिनमधला मसुराचा शब्द आहे. भिंगाचं नाव मसुरावरून पडलंय. आणि हा आकार नुसता देखणा नाही, कामाचाही आहे. मसुराच्या शेतात अकरी नावाचं तण उगवतं. त्याचं बी रंगाने मसुरासारखं, पण गोल. पसरट थाळी थोडी तिरकी धरून वरून मूठभर दाणे सोडा. मसूर घसरत, अडखळत येतो आणि गोल बी गडगडत पुढे पळतं. मिलमध्ये याच तत्त्वावर गोल जिन्यासारखी वळत उतरणारी पत्र्याची घसरण चालते. वाटाण्यासारखा गोल दाणा वेगाने बाहेरच्या कडेला जातो, मसूर आतल्या बाजूने उतरतो. पण एकदा साल काढून दाण्याचे दोन भाग केले की ही ओळख संपते. ऑस्ट्रेलियात अकरीची केशरी डाळीची एक जात होती आणि ती मसूर डाळ म्हणून परदेशी विकली जात होती. अ‍ॅडलेडच्या शास्त्रज्ञांनी 1992 साली नेचर या नियतकालिकात याबद्दल धोक्याची सूचना दिली, कारण अकरीत मज्जासंस्थेला घातक असं द्रव्य असतं. म्हणून माझा आग्रह असतो की घरात थोडा तरी अख्खा मसूर आणावा. अख्ख्या दाण्याची भेसळ डोळ्यांना दिसते. (लाखोळी, म्हणजे भेसळीला वापरतात ते एक कडधान्य, तिची भीती अनेकांना वाटते. आमच्या भंडारा-गोंदियाकडे ती पिकते. पण तिची डाळ पिवळी असते, त्यामुळे ती तुरीत, हरभऱ्यात खपवतात. केशरी मसुरात ती लगेच ओळखू येईल.)

आता कचकचीचं. यात दोन निरनिराळे दोष असतात आणि लोक दोन्हींना एकच समजतात.

पहिला दोष म्हणजे गणंग. दाण्याची साल इतकी घट्ट होते की पाणी आतच शिरत नाही. मसुराच्या कडेला एक बारीक फिकट ठिपका दिसतो, तिथे तो शेंगेला चिकटलेला असतो. पाणी मुख्यतः त्या भागातून आत जातं. माल फार वाळला की तो भाग आवळला जातो. असा दाणा रात्रभर पाण्यात राहूनही सकाळी जसाच्या तसा, गुळगुळीत आणि लहान.

दुसरा दोष जास्त फसवा. दाणा भिजतो, फुगतो, पण शिजून मऊ होत नाही. दाण्यातल्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. शिजताना ते पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात आणि आपण म्हणतो की डाळ गळली. पण माल दमट, गरम गोदामात महिनोन्‌महिने पडून राहिला की दाण्यातलं फायटिक आम्ल मोडत जातं, त्याने धरून ठेवलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोकळं होतं आणि पेक्टिनला जाऊन बिलगतं. मग ते पेक्टिन विरघळत नाही. बोअरच्या जड पाण्यात हीच द्रव्यं बाहेरून येतात, म्हणजे जुना दाणा आणि बोअरचं पाणी एकत्र आलं की कुकर कितीही शिट्ट्या देवो. मसूर रब्बीचा, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. एप्रिलमध्ये मिळतो तो ताजा. दिवाळीच्या सुमाराला जो हाती येतो, त्याने नागपूरच्या 45 अंशांचा मे महिना आणि पुढचा पावसाळा पाहिलेला असतो. आमच्याकडे एकदा असाच जुना माल नव्यात मिसळून आला होता. रंगावरून संशय आला, कारण जुना दाणा सालीतल्या टॅनिनमुळे, म्हणजे तुरट द्रव्यामुळे, काळपट पडतो. हिरव्या मसुरात हे फार स्पष्ट दिसतं, वर्षभरात तो तपकिरी व्हायला लागतो. मी दोन वाट्यांत वेगळं शिजवून मालकांना दाखवलं. तरीही तो माल खपवला गेला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमच्याकडे कोणता दोष आहे ते ओळखायचं तर 100 दाणे मोजून रात्री भिजत घाला. सकाळी न फुगलेले वेगळे काढा. दहा-पंधरा निघाले तर ते गणंग. अशा मालाला कोमट पाण्यात, जास्त वेळ भिजवा. सगळे छान फुगले आणि तरी कचकचतात, तर माल जुना किंवा पाणी जड. मग भिजवायच्या पाण्यात चिमूटभर मीठ घाला आणि शिजवायला आरओ फिल्टरचं पाणी घ्या. चिंच, टोमॅटो, आमसूल मसूर पूर्ण शिजल्यावरच घाला, कारण आंबटामुळे पेक्टिन आणखी घट्ट राहतं. खायचा सोडा घातला की मसूर चटकन मऊ होतो हे खरं, पण थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व नष्ट होतं, म्हणून मुलीसाठी करताना नको.

ओल जोखायची आमची जुनी रीत दाताची. दाणा दाढेखाली धरून चावा. कट्टकन तुटला की 10-11 टक्क्यांच्या आसपास, ठेवायला योग्य. दबला, चिवट लागला, तर त्यात ओल आहे, तो डब्यात कोंदून टोके पडतील. मसुराच्या ढिगात बरीच पोकळी असते. 200 मिलिलिटरचा पेला मसुराने काठोकाठ भरा आणि वरून पाणी ओता. साधारण 80 मिलिलिटर पाणी सहज मावतं. एवढी हवा प्रत्येक पेल्यात खेळते. दाणा वाळलेला असेल तर ही हवा त्याला टिकवते, ओला असेल तर किडीला आणि बुरशीला. म्हणून दोन दिवस कडक ऊन, मग पूर्ण थंड, मग डबा. गरम दाणा डब्यात भरला की झाकणाला आतून घाम येतो, तो पुन्हा दाण्यात.

साल काढलेल्या डाळीचं ऐका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत मसूर डाळीत 100 ग्रॅमला सुमारे 24 ग्रॅम प्रथिनं आणि 7 मिलिग्रॅम लोह आहे. अख्ख्या मसुरात प्रथिनं सुमारे 22 आणि लोह साडेसात. (वरचे जातींचे आकडे किलोमागचे आणि वेगळ्या तपासणीतले, ते याच्याशी जुळवू नका.) म्हणजे साल काढल्याने लोह फारसं जात नाही, ते मुख्यतः आतल्या दलात असतं. जातात ते तंतू, 17 वरून 10 वर येतात, आणि कॅल्शियम बरंच. सालीबरोबर टॅनिनही जातात, आणि टॅनिन लोहाला धरून ठेवतात, म्हणून हिमोग्लोबिनसाठी साधी केशरी डाळ अजिबात कमी नाही. पॉलिशचं म्हणाल तर तेल-पाण्याने आणलेली ती चकाकी आहे, तिने पोषण वाढत नाही. रंग लावलेल्या डाळीची मात्र भीती ठेवा. मसुराचा केशरी रंग कॅरोटिनॉइड या नैसर्गिक रंगद्रव्याचा, तो पाण्यात उतरत नाही. डाळ धुताना पाणी पांढुरकं, गढूळ होणं ठीक, केशरी झालं तर ती डाळ परत करा. शिजल्यावर डाळ पिवळी पडते, ते स्वाभाविक आहे.

पण ताई, आकडे वाचून एकट्या मसुरावर विसंबू नका. एका वाटी वरणात कोरडी डाळ 30 ग्रॅमच्या आसपास जाते. त्यात 7 ग्रॅम प्रथिनं, पण लोह जेमतेम 2 मिलिग्रॅम, आणि वनस्पतीतलं लोह त्यातलंही थोडंच अंगी लागतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या चालू ठेवा. वरणाचा उपयोग वाढवायचा असेल तर गॅस बंद केल्यावर, ताटात वाढल्यावर लिंबू पिळा. उकळत्या वरणात पिळलेल्या लिंबाचं क जीवनसत्त्व बरंच वाया जातं. जेवणानंतर तासभर चहा नको. अख्खा मसूर करताना मोड आणा. आठ-दहा तास भिजवून कापडात बांधा, दिवसभरात पांढरा टोकदार मोड डोकावतो. मोडाबरोबर लोहालाही धरून ठेवणारं फायटिक आम्ल कमी होतं, गॅस करणारी साखरही कमी होते. आणि लायसिन, मेथिओनिन हे प्रथिनाचे घटक. मसुराच्या प्रथिनात लायसिन भरपूर, मेथिओनिन कमी. तांदळात आणि ज्वारीत लायसिन कमी, मेथिओनिन बऱ्यापैकी. तेव्हा मुलीला नुसतं वरण प्यायला देऊ नका, भात किंवा भाकरी त्याबरोबर असू द्या. तिला आवडत असेल तर मसुराची खिचडी आठवड्यातून दोनदा करा.

आज रात्री ते 100 दाणे भिजत घाला आणि उद्या किती गणंग निघाले ते इथे लिहा. पाणी बोअरचं की नळाचं तेही सांगा, म्हणजे मसूर बदलायचा की पाणी, ते मी नीट सांगू शकेन.