‘स्वातंत्र्य दिलं’ की ‘स्वातंत्र्याची हमी दिली’?

प्रश्न असा आहे : एका भाषणाच्या मसुद्यात ‘संविधानाने देशाच्या नागरिकांना जगण्याचं आणि बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं’ असं वाक्य होतं. तपासणाऱ्याने ‘स्वातंत्र्य दिलं’ खोडून ‘स्वातंत्र्याची हमी दिली’ असं केलं. हा नुसता शैलीचा फरक आहे की अर्थाचा? आणि या संदर्भात ‘हक्क’ लिहावं की ‘अधिकार’?

फरक अर्थाचा आहे, आणि तपासणाऱ्याचा बदल मला योग्य वाटतो. ‘देणे’ या क्रियापदाला देणारा लागतो. परवानगी देतात, सवलत देतात, मुदत देतात. या सगळ्या ठिकाणी देणाऱ्याचा हात वर असतो, आणि दिलेलं परत घेण्याची मुभा त्याच्याकडे राहते. ‘हमी देणे’ म्हटलं की वस्तू आधीपासून तुमचीच आहे हे गृहीत धरलं जातं. हमी देणारा फक्त ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी पत्करतो.

संविधानाची भाषा या बाबतीत लक्ष देऊन वाचण्यासारखी आहे. भाषणस्वातंत्र्याच्या १९व्या अनुच्छेदाच्या शीर्षकात ‘संरक्षण’ हा शब्द आहे, आणि मजकुरात नागरिकांना हे हक्क ‘असतील’ असं म्हटलं आहे. २१वा अनुच्छेद तर नकारार्थीच आहे : कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीशिवाय कोणत्याही व्यक्तीला तिच्या जीवितापासून किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्यापासून वंचित करता येणार नाही. वंचित कशापासून करतात? जे आधीच जवळ आहे त्यापासून. ‘आम्ही तुम्हाला जीवित देतो’ असं संविधान कुठेच म्हणत नाही, आणि म्हणूही शकत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. १३व्या आणि ३२व्या अनुच्छेदांत ‘या भागाने’, म्हणजे मूलभूत हक्कांच्या तिसऱ्या भागाने, ‘बहाल केलेले हक्क’ अशा अर्थाची शब्दयोजना आहे. म्हणजे ‘दिले’ म्हणणाऱ्यालाही संविधानात आधार सापडतो. पण तिथेही पुढचं वाचावं. १३वा अनुच्छेद हे हक्क हिरावून घेणारा कायदा करायला राज्याला मनाई करतो. ३२वा अनुच्छेद त्यांच्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग खुला ठेवतो, आणि त्या मार्गाची हमी देतो. डॉ. आंबेडकरांनी संविधानसभेत ९ डिसेंबर १९४८ रोजी याच तरतुदीला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं. शिवाय उद्देशिकेचा शेवट आठवा : आम्ही भारताचे लोक हे संविधान ‘स्वतःप्रत अर्पण करीत आहोत’. देणारे आणि घेणारे इथे एकच आहेत. म्हणून ‘दिलं’ हे क्रियापद वापरायचंच असेल तर कर्ता सरकार नाही, लोक आहेत, एवढं भान राहिलं पाहिजे.

हा शब्दांचा कीस वाटत असेल तर १९७६ सालाकडे पाहा. आणीबाणीत, २७ जून १९७५ रोजी, राष्ट्रपतींच्या आदेशाने १४, २१ आणि २२ या अनुच्छेदांखालच्या हक्कांसाठी न्यायालयात जाणं स्थगित झालं. मिसा या विनाखटला अटकेच्या कायद्याखाली पकडलेल्या लोकांनी तरीही उच्च न्यायालयांत दाद मागितली, आणि नऊ उच्च न्यायालयांनी त्यांचे अर्ज ऐकता येतात असं ठरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं : एडीएम (अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी) जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला. सरकारची बाजू अशी होती की व्यक्तिगत स्वातंत्र्याचा हक्क २१व्या अनुच्छेदातून येतो. तो अनुच्छेद न्यायालयात बजावता येत नसेल तर कैद्याच्या हातात काहीच उरत नाही. न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांनी महान्यायवादी, म्हणजे सरकारचे सर्वोच्च वकील, निरेन डे यांना विचारलं की हे जीविताच्या हक्कालाही लागू आहे का, कोणी बेकायदा जीव घेतला तर? आणीबाणी असेपर्यंत त्यावरही उपाय नाही, असं उत्तर मिळालं. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक मताने सरकारची बाजू मान्य झाली.

तो एक विरोधी मताचा न्यायनिर्णय खन्ना यांचा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : जीवित आणि स्वातंत्र्य यांचं उगमस्थान फक्त २१वा अनुच्छेद नाही, संविधान नसतं तरी कायद्याचं राज्य मानणाऱ्या कोणत्याही देशात शासनाला कायद्याच्या आधाराशिवाय माणसाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेता आलं नसतं. म्हणजे आपल्या प्रश्नातला वाद तिथे जसाच्या तसा उभा होता. स्वातंत्र्य ‘दिलेलं’ असेल तर ते काढता येतं. आधीपासूनचं असेल तर कलम बाजूला ठेवलं तरी ते उरतं. खन्ना यांना याची किंमत मोजावी लागली. जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठता डावलून दुसऱ्या न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं गेलं, आणि खन्ना यांनी राजीनामा दिला. पण भाषा अखेर त्यांच्याच बाजूने वळली. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने २० आणि २१ हे अनुच्छेद आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असं ठरलं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाच्या हक्कावरच्या निकालात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूर प्रकरणातलं बहुमत चुकीचं होतं असं म्हटलं. त्या निकालातलं मुख्य मत लिहिणाऱ्या न्या. धनंजय चंद्रचूड यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड १९७६च्या बहुमतात होते. मला हा सगळा इतिहास आठवला की ‘दिलं’ हा शब्द हलक्या हाताने लिहवत नाही.

‘दिला’ हे क्रियापद काही ठिकाणी अगदी अचूक बसतं, तेही सांगायला हवं. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने ‘दिला’; तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. शाळा, शिक्षक, पैसा ही व्यवस्था राज्याने उभी केल्याशिवाय तो हक्क अस्तित्वातच येत नाही. अठराव्या वर्षी मतदानाचा हक्कही १९८८च्या ६१व्या दुरुस्तीने ‘दिला’, त्याआधी वयाची अट २१ होती. यंत्रणा लागणारे हक्क द्यावे लागतात. बोलणं, विचार करणं, जगणं यांच्याबाबत राज्याने मुख्यतः आड न येणं अपेक्षित असतं, आणि दुसरं कोणी आड आलं तर त्याला रोखणं. मर्यादा अर्थातच आहेत, पण त्यांचंही स्वरूप ठरलेलं आहे : निर्बंध ‘वाजवी’ हवेत आणि संविधानात दिलेल्या कारणांपुरतेच हवेत. भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांना ‘वाजवी’ हे विशेषण १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने जोडलं गेलं.

आता ‘हक्क’ की ‘अधिकार’. मराठीत दोन्ही चालतात : ‘माहितीचा अधिकार’ रूढ आहे आणि ‘शिक्षणाचा हक्क’ही. पण संविधानाच्या मराठी पाठात तिसऱ्या भागाला ‘मूलभूत हक्क’ म्हटलं आहे, हिंदीत ‘मूल अधिकार’. मला मराठीची निवड अधिक पटते. मराठीत ‘अधिकार’ म्हटलं की अधिकारी, अधिकारपद, अधिकार गाजवणं हे अर्थ मागोमाग येतात. तो वरून खाली चालणारा शब्द आहे. हक्क सांगतात, मागतात, बजावतात, आणि टिळकांच्या तोंडी तो जन्मसिद्ध होतो. नागरिकाकडे असतो तो हक्क आणि शासनाकडे असतो तो अधिकार, असा भेद पाळला तर पुष्कळ वाक्यं आपोआप स्वच्छ होतात.

तुमच्या वाक्यात आणखी एक जागा सुधारायला हवी, ती तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटलेली दिसते : ‘नागरिकांना’. बोलण्याचं स्वातंत्र्य १९व्या अनुच्छेदाखाली नागरिकांपुरतं आहे, हे खरं. पण जीविताचं संरक्षण ‘व्यक्ती’ला आहे. परदेशातून आलेला पाहुणा, विद्यार्थी, निर्वासित, या भूमीवर असलेला कोणीही त्यात येतो. कायद्यापुढील समानतेचा १४वा अनुच्छेदही तसाच. तेव्हा मी वाक्य असं लिहीन : ‘संविधान या देशातल्या प्रत्येक माणसाच्या जगण्याच्या आणि नागरिकांच्या बोलण्याच्या स्वातंत्र्याची हमी देतं.’ वर्तमानकाळही मुद्दाम ठेवला आहे, कारण हमी १९५० साली देऊन संपलेली नाही.