लाल कोळी हा किडा नाहीच, म्हणून तुमचं औषध लागू पडेना

प्रश्न : नमस्कार सर, मावळात आमचं १० गुंठ्यांचं डच गुलाबाचं पॉलिहाउस आहे. व्हॅलेंटाईनचा माल निघाला आणि मार्चमधे पानं फिकट पडायला लागली, वरून बारीक पांढरे ठिपके, खाली जाळी. दुकानदाराने इमिडाक्लोप्रिड दिलं, १५ दिवसात तीनदा मारलं, काहीच फरक नाही. अजून स्ट्राँग काय मारू?

उत्तर : दादा, आधी पंप खाली ठेवा. तुम्ही सांगताय तो लाल कोळी आहे आणि तो किडा नाही, आठ पायांचा, कोळ्याच्या खानदानातला. इमिडाक्लोप्रिड मावा, पांढरी माशी अशा रस शोषणाऱ्या किडींचं औषध आहे, कोळ्याला ते लागत नाही, उलट त्या फवारणीनंतर कोळी वाढल्याचं अभ्यासात दिसलंय. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाचं कीटकनाशक मारलं तर अजून वाईट, कारण कोळ्याला खाणारे मित्रकोळी आधी मरतात आणि हा मोकळा सुटतो.

एक काम करा. १० पट दाखवणारं भिंग घ्या, शंभर-दोनशे रुपयात मिळतं. खालचं जून पान उलटं करून शिरेजवळ बघा, अर्धा मिलिमीटरचा पिवळट-हिरवट जीव हळूहळू चालताना दिसेल, अंगावर दोन काळे डाग, बाजूला काचेच्या मण्यासारखी गोल अंडी. भिंग नसेल तर पान पांढऱ्या कागदावर झटका, ठिपके चालायला लागले की समजा. नेहमी लालच असेल असं नाही, नावावर जाऊ नका.

आता मार्चमधेच का, तर कोरडी गरम हवा त्याला मानवते. ३० अंशाच्या आसपास अंड्यापासून पूर्ण कोळी व्हायला आठवडाभर पुरतो, आणि मादीला नर भेटला नाही तरी ती अंडी घालते, त्यातून नर निघतात आणि त्यांच्याशी जुळून पुढे माद्याही होतात. म्हणजे कपड्याला चिकटून आलेली एक मादी सुद्धा बास. म्हणून कामाचा क्रम बदला, तोडणी आणि छाटणी स्वच्छ बेडपासून सुरू करा, लागण झालेला बेड सगळ्यात शेवटी, आणि छाटलेली पानं पोत्यात भरून लांब नेऊन जाळा किंवा पुरा. दारात ढीग घालणारे मी फार बघितलेत, मग तेच कोळी परत आत येतात.

कोळ्याचा खरा अड्डा बेंडिंग केलेल्या, म्हणजे वाकवून ठेवलेल्या खालच्या फांद्यांत आहे. सगळे शेंड्यावर फवारतात, कोळी बसलाय खाली पानाच्या पाठीमागे! नोझल खालून वर धरा. सकाळी लवकर नुसत्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ती पानं धुतली तरी बरीच संख्या कमी होते, पण संध्याकाळी नको, रात्रभर पान ओलं राहिलं की डाउनी आणि बोट्रायटिस हे पिकाचे रोग मागे लागतात.

औषधच लागलं तर कोळीनाशक घ्या, लेबलवर गुलाब आणि कोळी दोन्ही लिहिलेलं, मात्रा तिथलीच. अबामेक्टिन चालत्या कोळ्यावर चालतं, हेक्झिथायाझॉक्स अंडी आणि पिल्लांवर चालतं पण मोठा कोळी त्याने मरत नाही, म्हणून ५-७ दिवसांनी भिंगाने परत बघा आणि गरज असेल तर दुसऱ्या गटाचं, म्हणजे वेगळ्या पद्धतीने मारणारं औषध घ्या. तेच तेच मारलं की कोळी त्याला दाद देत नाही. गंधक मारत असाल तर भर उन्हात नको, पान भाजतं, आणि तेलाच्या फवारणीला लागून तर अजिबात नको. फवारणीनंतर बायकांना लगेच तोडणीला आत पाठवू नका, बंद पॉलिहाउसमधे औषध बराच वेळ हवेत राहतं, याची मला खरंच काळजी वाटते.

प्रश्न : रंगीत ढोबळी मिरचीत फुलकिड्यांसाठी पिवळे चिकट कार्ड लावू की निळे?

उत्तर : फुलकिड्यांना निळे, पांढऱ्या माशीला पिवळे, दोन्ही थोडे लावा आणि झाड वाढेल तसे कार्ड शेंड्याजवळ वर सरकवा. कार्डने कीड संपत नाही, पण ती कधी आली ते कळतं, दर आठवड्याला मोजून वहीत लिहा. साइडची जाळी फाटली असेल तर आधी ती शिवा, आणि दोन दारं एकदम उघडी ठेवू नका. फुलकिडे बऱ्याचदा मातीत कोष करतात, तेव्हा फक्त पानावर फवारून चार दिवसांनी नवी फौज उगवली तर औषध खोटं होतं असं म्हणू नका.